चावी खिशात, गाडी म्हणते नाही

जुलैतली सकाळ, साडेसहाचा सुमार. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. शहाड स्टेशनातून कसारा लोकलची घोषणा ऐकू येत होती आणि आमच्या इमारतीखाली शेजारचे काका गाडीत बसून एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. काकूंना घेऊन मुरबाडला निघायचं होतं. मला बघून त्यांनी काच खाली घेतली. काच अर्ध्यावर रेंगाळली आणि मग कशीबशी उतरली.

"चावी सापडत नाही म्हणतेय गाडी. आणि चावी ही बघ, माझ्या हातात आहे!"

डॅशबोर्डवर चावीचं पिवळं चित्र लुकलुकत होतं. बटण दाबलं की बोनेटखालून टक-टक-टक असा आवाज यायचा, सगळे दिवे मंद व्हायचे आणि पुन्हा तेच चित्र. गेल्या महिनाभरात या गाडीवर बराच खर्च झाला होता. आधी चावीतला सेल बदलला. फरक पडला नाही म्हणून बॅटरी नवी घातली. त्यानंतर गाडी दोन दिवस नीट चालली आणि पुन्हा अडली. आता एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की आतला कॉम्प्युटर गेलाय, पंचवीस हजार लागतील. काका त्या आकड्याने खचले होते.

त्या कॉम्प्युटरला काहीही झालं नव्हतं. काय झालं होतं ते कळायला बटण दाबल्यावर गाडीच्या पोटात काय घडतं ते आधी समजून घ्यावं लागेल.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी घ्या किंवा १९९० च्या दशकात इथेच कल्याणजवळच्या कारखान्यात जोडलेली प्यूजो ३०९ घ्या, त्या गाड्यांत मामला सरळ होता. चावी फिरवली की आत दोन पट्ट्या एकमेकींना भिडायच्या आणि करंट सेल्फकडे, म्हणजे स्टार्टर मोटरकडे, जायचा. चावी फिरवणारा हात थेट सेल्फशी बोलत होता. बटणाच्या गाडीत तसं नाही. तिथे बटण दाबणं म्हणजे नुसता अर्ज करणं. मंजुरी गाडी देते, आणि अर्ज पाच-सहा टेबलांवरून फिरून आल्याशिवाय देत नाही.

पहिलं टेबल चावीचं. दाराच्या मुठीत, मधल्या कन्सोलखाली, डिकीजवळ लहान अँटेना बसवलेल्या असतात. बटण दाबताच त्या साधारण १२५ किलोहर्ट्झवर एक हाक देतात. या कमी वारंवारतेच्या लहरी फार लांब जात नाहीत, एक-दीड मीटरमध्ये विरतात. हे मुद्दामच केलेलं आहे, कारण चावी गाडीच्या आत आहे की चौथ्या मजल्यावर, हे गाडीला कळायला हवं. हाक ऐकून चावी जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर पाठवते. गाडी दर वेळी नवा प्रश्न घालते आणि चावी आपल्या गुप्त संकेताने त्याचं उत्तर काढते, त्यामुळे कालचं उत्तर आज चालत नाही. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं.

पुढचं टेबल ब्रेकचं. पाय ब्रेकवर आहे का? गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, किंवा क्लच पूर्ण दाबलाय का? मग स्टिअरिंगचं कुलूप सुटतं. त्यानंतर इंजिनाचा कॉम्प्युटर चावीच्या ओळखीवर शिक्का मारतो. हे सगळं जमलं तरच रिले ओढला जातो आणि सेल्फ फिरतो. गाडी चालू होत नाही म्हणजे यांपैकी कुठल्या तरी टेबलावर अर्ज अडलाय. आपलं काम एवढंच, की कुठल्या टेबलावर ते शोधायचं. सुटे भाग बदलण्याची वेळ त्यानंतर येते.

आणि ही सगळी टेबलं ज्या जमिनीवर मांडली आहेत ती जमीन म्हणजे बॅटरी आणि अर्थिंग. जमीनच खचली तर सगळी टेबलं एकदम डगमगतात, आणि समोर जी तक्रार दिसते ती भलत्याच टेबलाची असते. काकांच्या गाडीने चावीबद्दल तक्रार केली, पण मला पहिल्यांदा खटकली ती अर्ध्यावर रेंगाळलेली काच. काचेच्या मोटरचा चावीशी काही संबंध नाही. दोन असंबद्ध गोष्टी एकाच वेळी लंगडू लागल्या तर दोघींना सामाईक काय आहे ते बघावं, आणि गाडीत सगळ्यांना सामाईक असतो तो बारा व्होल्टचा पुरवठा.

बारा व्होल्ट हा शब्दही जरा ढोबळच आहे. बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची निरोगी, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना हा आकडा खाली जाणारच, पण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढतो, तो अल्टरनेटरमुळे. मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि डिकीत जॅकशेजारी ठेवायला जागा लागत नाही. माझ्या मते बटणाची गाडी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तो असायलाच हवा.

काकांची बॅटरी उभ्या गाडीत १२.५ दाखवत होती. नवीच होती. मी मीटरच्या दोन्ही काड्या बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर टेकवल्या आणि काकांना बटण दाबायला सांगितलं. टक-टक-टक. आकडा १२.१ च्या खाली गेला नाही. दिवे विझताहेत, पण बॅटरी मात्र ठणठणीत! मग मधले व्होल्ट गिळतंय कोण?

आता मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस खुंटावर तशीच ठेवली आणि दुसरी गाडीच्या बॉडीवर, रंग नसलेल्या एका बोल्टवर टेकवली. या दोन जागा जाड वायरने जोडलेल्या असतात, म्हणून त्यांच्यात व्होल्टेजचा फरक जवळजवळ शून्य हवा. सेल्फच्या झटक्यातसुद्धा ०.२ पर्यंत ठीक. गाडी गप्प उभी असताना मीटरवर ०.०२ होतं. काकांनी बटण दाबलं आणि आकडा ३.१ वर उडाला.

बॅटरीतून बारा निघत होते आणि गाडीला नऊच मिळत होते. तीन व्होल्ट वाटेतच, त्या एका वायरवर खर्च होत होते. नऊ व्होल्टवर चावीला हाक देणारी अँटेना मलूल होते, बॉडीचा कॉम्प्युटर भोवळ आल्यासारखा बंद-चालू होतो, रिले धरतो आणि सोडतो. तो टक-टक आवाज त्याचाच. गाडी खोटं बोलत नव्हती. तिला चावीचं उत्तर खरोखरच ऐकू येत नव्हतं.

बॅटरी उचलली. तिच्या ट्रेखाली मायनसची वायर एका बोल्टने बॉडीला आवळलेली असते आणि तिथून दुसरी पट्टी इंजिनाकडे जाते. बोल्टभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. वायरचा डोळा, म्हणजे टोकाची गोल कडी, बोटाने ढकलली तर हलत होती. वरून पाणी, बॅटरीतली आम्लाची वाफ, तांबं आणि लोखंड शेजारी-शेजारी आणि पावसाळ्यात खाडी-नदीवरची ओल. अशा ठिकाणी गंज चढायला दोन पावसाळे पुरतात. बॅटरी बदलल्यावर गाडी दोन दिवस का चालली तेही आता कळलं. बदलताना ती वायर इकडे-तिकडे हलली होती आणि गंजाच्या थरातून धातूला धातू थोडा वेळ लागला होता.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ती पूड धुतली, कडी आणि बॉडीचा पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवा बोल्ट आणि वॉशर घालून आवळलं, वरून व्हॅसलिनचा पातळ हात दिला. पुन्हा मोजलं तर बटण दाबताना फरक ०.०८. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण चांगले चांगले वायरमन इथे फसतात. ती वायर आधीच्या गॅरेजमध्येही तपासली गेली होती. मीटर ओहमवर लावून दोन टोकं तपासली, मीटरने पीं केलं, वायर चांगली असा निकाल दिला. पण मीटर तपासताना वायरीतून सोडतो तो करंट अगदी चिमूटभर. सेल्फ मागतो शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त. समजा गंजामुळे ०.०३ ओहमचा अडथळा आला. साध्या मीटरच्या काड्यांचाच अडथळा त्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे मीटरला तो दिसणारच नाही. पण शंभर अँपिअरला हाच अडथळा तीन व्होल्ट खातो. ओढ्यावरच्या साकवावरून एक माणूस गेला म्हणून त्यावरून ट्रक जाईल असं होत नाही. म्हणून वायर तपासायची ती ओझ्याखाली, काम चालू असताना. याला व्होल्टेज ड्रॉप मोजणं म्हणतात, आणि गाडीच्या विजेच्या दुरुस्तीत शिकण्यासारखी एकच युक्ती निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

जमीन पक्की आहे याची खात्री झाल्यावर टेबलांकडे यायचं. पहिला संशय चावीच्या सेलवर. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ हा नाणेसेल असतो. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली आला की बदलावा. बदलताना सेल कडेने धरावा, सपाट बाजूला घामट बोट लावू नये, आणि आतल्या पितळी जिभा वाकल्या नाहीत ना ते बघावं. सेल पूर्ण मेला तरी माणूस रस्त्यावर अडकत नाही, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असतं. चावीच्या पोटात लोखंडी चावी लपवलेली असते, तिने दार उघडतं. आणि चावीत एक चिप अशी असते की तिला सेल लागतच नाही. चावीची पाठ थेट स्टार्ट बटणाला टेकवली की बटणाभोवतीच्या गुंडाळीतून तिला पुरेशी वीज मिळते आणि ती ओळख पटवते. काही गाड्यांत यासाठी कन्सोलमध्ये वेगळी खाच असते. कुठे ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दिलेलं असतं. असं करून गाडी चालू झाली तर दोष सेलचा. दुसरी चावी चालली आणि पहिली नाही, तर दोष पहिल्या चावीचा. दोन्ही चालत नसतील तर चाव्यांना दोष देणं सोडावं.

चावी मोबाइलला किंवा चार्जरला चिकटवून ठेवू नये. सिगारेट लायटरच्या खाचेतले स्वस्त चार्जर आपला स्वतःचा गोंगाट करतात, आणि तो नेमका चावीच्या हाकेच्या आसपासच्या पट्ट्यात पडू शकतो. तक्रार आली की आधी चार्जर उपटून बघावा. यात पैसे लागत नाहीत.

ब्रेकचं टेबल सगळ्यात दुर्लक्षित. पेडलच्या वर एक लहानसा स्विच असतो, तोच मागचे ब्रेकलाइट लावतो आणि तोच बटणाला सांगतो की पाय ब्रेकवर आहे. अनेक गाड्यांत ब्रेक दाबला की बटणावरचा दिवा नारिंगीचा हिरवा होतो. होत नसेल तर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी असताना कुणाला तरी मागे बघायला सांगा. भिंतीवर लाल उजेड पडला नाही, तर तीनशे-चारशे रुपयांचा स्विच किंवा त्याचा फ्यूज हाच अडसर. ही दुरुस्ती टाळू नये, कारण ब्रेकलाइटविना कल्याण-मुरबाड रस्त्यावर रात्री ट्रकपुढे असणं फार जोखमीचं आहे. स्टिअरिंगचं कुलूप कधीकधी चाकांच्या ताणामुळे अडकून बसतं. तेव्हा बटण दाबताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलकं हलवायचं, एवढं पुरतं.

फ्यूज बघताना रंगांवरून अंदाज येतो: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या १० च्या जागी ३० चा बसवणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावायचं आमंत्रण. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर पुढे कुठेतरी वायर सोलली गेलीय. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनावर ऊब शोधत चढतात, आणि बोनेट उघडून टॉर्च मारली की कुरतडलेल्या वायरीचे तुकडे आणि लेंड्या बऱ्याचदा लगेच दिसतात. मग स्कॅनर लावण्याआधीच निदान होतं.

स्कॅनरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उपयोगी आहे, पण तो निकाल देत नाही, साक्ष देतो. २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ खुंट्यांचा ओबीडी-२ चा कपलर असतो. त्यातून पी ०५६२ हा कोड आला म्हणजे कधीतरी व्होल्टेज खाली गेलं होतं. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं. हे कॉम्प्युटर एकमेकांशी पिळलेल्या दोन वायरींच्या जोडीवरून बोलतात. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ही कॅन पद्धत. वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. म्हणून बॅटरीची मायनस काढून बहुतेक गाड्यांत कपलरच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या खुंट्यांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं, शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. पण काकांच्या गाडीतही यू ०१०० निघाला होता आणि त्यावरूनच पंचवीस हजारांचा सल्ला दिला गेला. नऊ व्होल्टवर कॉम्प्युटर मध्येच गप्प होतो आणि शेजारचा कॉम्प्युटर तशी नोंद करतो. म्हणून आधी पुरवठा नीट करायचा, मग कोड पुसायचे, गाडी चालवायची आणि काय परत येतं ते बघायचं. जो कोड परत येतो त्याच्यामागे लागायचं.

जुन्या गॅरेजांत अल्टरनेटर तपासायची एक पद्धत अजून दिसते: गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढून टाकायची, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला. डायनामोच्या काळात हे खपून जायचं. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर भयंकर उसळतं आणि कॉम्प्युटर खरोखर जळतो. कुणी असं करायला निघालं तर त्याचा हात धरावा. तसंच एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना आणि हायब्रिड किंवा विजेच्या गाडीतल्या नारिंगी वायरींना घरी कुणीही मीटर लावू नये.

उल्हास नदीच्या काठच्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हाही नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पाण्यात उभी राहिलेली बटणाची गाडी "बघू तरी" म्हणून चालू करू नये. सीटखालचे आणि कार्पेटखालचे कपलर आधी भिजतात, पाणी वायरीच्या आवरणातून केशाकर्षणाने वर चढत जातं आणि पाणी ओसरल्यावर आठवड्याने गंज दिसतो. आधी बॅटरीची मायनस काढावी, मग गाडी उचलून न्यावी. बटण दाबणं म्हणजे ओल्या सर्किटमध्ये वीज सोडणं, आणि सिलिंडरात पाणी असेल तर इंजिनाचा दांडाही वाकतो.

आता दुसरा आजार, जो सकाळी दिसतो पण घडतो रात्रभर: बॅटरी आपोआप उतरणं. मोहन्यातला एक मित्र गाडी फक्त रविवारी काढतो. दर शनिवारी रात्रीपर्यंत बॅटरी संपलेली. जंपर लावून गाडी चालू करताना तो काळी क्लिप मेलेल्या बॅटरीच्या मायनसलाच लावायचा. ती शेवटी, बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला लावायची असते, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याच्याजवळ पडू नये. हे आधी त्याला दाखवलं.

मग गळती मोजायला बसलो. बॅटरीची मायनस वायर सोडवून खुंट आणि वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या पट्टीवर बसवला. दारं उघडी ठेवून त्यांच्या कुलपाची खिट्टी स्क्रूड्रायव्हरने बंद केली, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. चावी त्याच्या आईकडे देऊन घरात पाठवली, कारण चावी जवळ असली की गाडी झोपत नाही. आणि वाट बघितली. बटणाच्या गाडीचे कॉम्प्युटर दार लागल्यावर एकेक करून झोपी जातात. अर्धा तास तरी द्यावा लागतो. दहा मिनिटांत मीटर बघून घाबरणारे बरेच असतात.

झोपलेल्या गाडीने ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त ओढू नये. तेवढं ओढलं तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची लहान बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी होते. या गाडीने चाळीस मिनिटांनंतरही ०.३१ ओढले. म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-तासांच्या जवळपास. बॅटरी पाचव्या दिवशी तळाला.

आता एकेक फ्यूज उपटला तर कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात आणि मोजणी बिघडते. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टिंबांवर दुसऱ्या मीटरच्या काड्या मिलिव्होल्टवर टेकवत गेलो. ज्या फ्यूजमधून करंट वाहतो त्याच्यावर एखाद-दुसरा मिलिव्होल्ट उमटतो, बाकीच्यांवर शून्य. अकरा फ्यूज शून्य. बारावा उमटला. झाकणामागच्या चित्रात बघितलं तर तो ओबीडी कपलरचा होता.

मित्राने वाकून स्टिअरिंगखाली टॉर्च मारली. मायलेज मोबाइलवर बघायला म्हणून त्याने दिवाळीत लावलेला एक लहानसा डबा तिथे निळा लुकलुकत होता, आणि त्याच्या सततच्या प्रश्नांमुळे गाडीतला एकही कॉम्प्युटर झोपत नव्हता. त्याने तो उपटून खिशात टाकला. आम्ही मीटरकडे बघत उभे राहिलो. चार मिनिटांनी ०.३१ चे ०.१२ झाले, आणखी थोड्या वेळाने ०.०२.